भाग ३८ : गो-कार्टने नगर फिरता येईल का? (एका श्रोत्याचा व्हॅलेंटाइन प्लॅन)

(हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. नोट पाठवणाऱ्या मित्राची परवानगी घेतलीये, नाव सांगणार नाही.

तो म्हणतो : "दादा, मी सावेडीत राहतो, एमआयडीसीत कामाला आहे. डिसेंबरात साखरपुडा झाला. मुलगी श्रीरामपूरची. लग्न मे महिन्यात. ती १४ फेब्रुवारीला तिच्या मावशीकडे नगरला येतीये आणि घरच्यांनी दिवसभर फिरायला परवानगी दिलीये. डिप्लोमाला असताना आम्ही पोरांनी जुन्या स्कूटीचं इंजिन लावून गो-कार्ट बनवली होती, ती अजून चालू आहे. जपानमध्ये लोक गो-कार्टवर शहर फिरतात ते रील पाहिलं. तसं तिला नगर फिरवायचं डोक्यात आहे. आयुष्यभर लक्षात राहील असं काहीतरी. कसं प्लॅन करू?"

आता बघा, पहिल्यांदा मी हसलो. मग पुन्हा ऐकलं. शेवटी तो एक वाक्य हळूच बोलून जातो : "तिने नगर पाहिलेलंच नाहीये, फक्त साखरपुड्याचा हॉल पाहिलाय." तेव्हा हसू थांबलं. ही मुलगी मे महिन्यात ज्या गावात कायमची राहायला येणार, ते गाव तिला पहिल्यांदा कसं दिसणार, हा खरा प्रश्न आहे. म्हणून नीट उत्तर देतो. आधी कार्टचं, मग दिवसाचं.

जपानमध्ये चालतं, मग इथे का नाही?

टोकियोत रस्त्यावर गो-कार्ट चालतात, हे खरं आहे. तिथल्या कायद्यात या छोट्या गाड्यांसाठी एक वर्ग आहे. ५० सीसीपर्यंतचं इंजिन, चार चाकं, एक माणूस. तिला दिवे असतात, आरसे असतात, नंबर प्लेट असते. म्हणजे ती रस्त्यासाठी तयार केलेली, नोंदणी झालेली गाडी असते, ट्रॅकवरून उचलून आणलेली नव्हे. चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं. आपल्याकडचा माणूस गेला तर आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं, कारण भारत आणि जपान दोघंही १९४९ च्या जिनिव्हा करारात आहेत. पुढे लोक व्हिडिओ गेममधले कपडे घालून फिरायला लागले, गेम बनवणाऱ्या निन्टेन्डोने २०१७ मध्ये कार्ट भाड्याने देणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. रीलमध्ये हे काही दिसत नाही.

आता आपल्याकडे. मोटार वाहन कायदा, १९८८. त्यातली मोटार वाहनाची व्याख्या मी सोपी करून सांगतो. इंजिनवर चालणारी आणि रस्त्यावर वापरता येईल अशी गाडी म्हणजे मोटार वाहन. सूट कुणाला? चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर सूट. आणि फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास गाडी असेल तर सूट. तुझ्या कार्टला चाकं चार आणि इंजिन स्कूटीचं. ट्रॅकवर किंवा कुणाच्या खासगी मैदानात मालकाच्या परवानगीने चालवली तर ठीक. सावेडी रोडवर आणलीस की ती बिननोंदणीची मोटार.

"मग जुन्या स्कूटीचा नंबर लावतो ना!" नाही रे बाबा. नंबर त्या स्कूटीचा आहे, इंजिनचा नाही. नंबर मिळण्याआधी गाडीचं मॉडेल तपासावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो की ही तपासणी कोणत्या संस्थांनी करायची. आणि गंमत म्हणजे त्यातली एक संस्था आपल्या नगरमध्येच आहे! संरक्षण खात्याची, डीआरडीओची व्हीआरडीई. आपण जिला नुसतं 'व्हीआरडी' म्हणतो ती. म्हणजे एखादी गाडी भारताच्या रस्त्यावर उतरायला लायक आहे का हे तपासणारी माणसं आपल्याच गावात भाजी घेताना भेटतात. त्यांच्या गावात बिनतपासणीची गाडी घेऊन होणाऱ्या बायकोला फिरवायचं, म्हणजे जरा अतीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमा. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. कुणाला धक्का लागला तर भरपाई तुझ्या खिशातून. लग्नाला तीन महिने उरलेत.

कायदा सोडा, गाडीचंच बघू

गो-कार्टचा जन्म १९५६ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियात. आर्ट इंगल्स नावाचा कारागीर रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याने गवत कापायच्या मशीनचं इंजिन एका छोट्या सांगाड्याला बसवलं आणि रिकाम्या पार्किंगमध्ये फिरवलं. म्हणजे ही गाडी पहिल्या दिवसापासून सपाट, रिकाम्या जागेसाठीच आहे.

तिला सस्पेन्शन नसतं. सांगाडा थोडा वाकतो, तेवढाच काय तो धक्का खातो. मागच्या दोन्ही चाकांना एकच सरळ दांडा असतो. आपल्या कारमध्ये वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, ते काम डिफरन्शियल करतो. कार्टमध्ये तो नसतो. म्हणून वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं, तेव्हा ती वळते. गुळगुळीत ट्रॅकवर यात मजा आहे. खडीवर किंवा खड्ड्यात गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. जमिनीपासून उंची एक-दोन इंच. नगरमधला कुठलाही स्पीडब्रेकर आठवा. कार्ट त्यावर चढणार नाही, अडकून बसेल.

आणि तुम्ही बसता किती खाली? तुमचं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीला. नगर-पाथर्डी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कंटेनर, एसटी. त्यांच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसणारच नाही. अंगावर येईपर्यंत नाही.

बरं, हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. मला विचाराल तर तीच मोठी. कार्टमध्ये सीट एकच असते. ती कुठे बसणार?

लक्षात काय राहतं?

इथे एक अभ्यास सांगतो. आर्थर ॲरन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग छापला. जोडप्यांना बोलावलं. काहींच्या हातापायाला पट्टा बांधून दोघांना एकमेकांशी जोडलं आणि सांगितलं, गाद्यांवरून रांगत जायचं, मध्ये एक अडथळा ओलांडायचा, आणि एक उशी हात न लावता दोघांच्या अंगामध्ये धरून न्यायची. ठरलेल्या वेळेत. बाकीच्यांना एक साधं, कंटाळवाणं काम दिलं. नंतर विचारलं, तुमचं नातं कसं वाटतंय? उशीवाली जोडपी जास्त खूश होती.

म्हणजे बघा, उशीत काही रोमँटिक नव्हतं. काम नवीन होतं आणि दोघांनी मिळून करायचं होतं. त्यात मी माझ्याकडून तिसरी गोष्ट घालतो : बोलता आलं पाहिजे.

आता या तीन चाळण्यांतून गो-कार्ट गाळा. नवीन आहे का? आहे. मिळून आहे का? नाही, एकच सीट. बोलता येतं का? इंजिनचा आवाज, हेल्मेट, समोर लक्ष. नाही. तीनपैकी एक.

मग अशी कुठली गाडी आहे जी उघडी आहे, छोटी आहे, हळू चालते, जिच्यावर दोघं बसतात आणि मागून कानाशी बोललेलं पुढच्याला ऐकू येतं? नगरकरांनो, ओळखलंत ना?

लूना.

आपल्या गावची गाडी

१९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना काढली, ती आपल्या नगरमध्ये. फिरोदियांची कंपनी. मूळ आराखडा इटलीच्या पियाजोच्या चाओ या मोपेडवरून घेतलेला, इंजिन ५० सीसी. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तेव्हा मास्तर, नर्स, पोस्टातले लोक, सगळे लूनावर आले. आज कायनेटिक चौकातून रोज हजारो लोक जातात. हे नाव कशावरून पडलं, हे लग्न होऊन गावात येणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. आता विजेवर चालणारी ई-लूनाही आलीये, २०२४ च्या फेब्रुवारीत. वेग ताशी ५० पर्यंतच.

लूनाच पाहिजे असं काही नाही. घरची ॲक्टिव्हा, काकांची जुनी स्कूटर, काहीही चालेल. मुद्दा हळू जाण्याचा आहे. फक्त कागद पूर्ण हवेत आणि हेल्मेट दोन हवीत. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, कायद्याने लागतं. आणि तिच्याकडे लायसन्स असेल तर अर्ध्या वाटेत गाडी तिच्या हातात दे. तिला उद्या या रस्त्यांवर एकटीला गाडी चालवायची आहे.

दिवस कसा आखायचा

यंदा १४ फेब्रुवारी शनिवारी आहे. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. डोंगरगणला महादेवाच्या दर्शनाची गर्दी आदल्या दिवसापासूनच असेल, म्हणून तो बेत या वेळी नको. मी असं सुचवतो.

सकाळी साडेनऊ. तारकपूर स्टँडवर जा आणि स्वतः उतरवून घे. नाश्ता साधा, जिथे तू रोज करतोस तिथेच. नवीन कॅफे कधीही होतील. तुझा नेहमीचा टपरीवाला "वहिनी का?" म्हणेल, ती लाजेल, झालं, सुरुवात झाली.

साडेदहा, भुईकोट किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून आत कधी सोडतात हे आदल्या दिवशी विचारून ठेव आणि दोघांची ओळखपत्रं जवळ असू देत. चाँदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांसमोर हा किल्ला लढवला, हे शाळेत झालंय. १९४२ मध्ये इथे नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, हेही सगळे सांगतात. पण एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. आझाद इथे असताना त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी पडली. सरकारकडे काही मागायचं असेल तर सांगा, असं त्यांना सुचवलं गेलं. आझादांनी विनंती केली नाही. एप्रिल १९४३ मध्ये ती गेली. शेवटची भेट झालीच नाही. या भिंतींच्या आत बसून त्यांनी त्याबद्दल लिहिलं, 'गुबार-ए-खातिर' या पत्रांच्या पुस्तकात. व्हॅलेंटाइनला ही गोष्ट कशाला, असं वाटेल. मला वाटतं, संसार सुरू करणाऱ्या दोघांनी खंदकाच्या काठावर उभं राहून या गोष्टीवर दहा मिनिटं बोलावं. काम, तत्त्व, घर, यात आपण कशाला किती जागा देणार? हे बोलणं हॉलमध्ये होत नाही.

तिथून जवळच दमडी मशीद. निजामशाहीच्या काळातली, अगदी छोटी, दगडावरचं कोरीव काम फार सुंदर. मजुरांच्या दमडी-दमडीतून बांधली म्हणून हे नाव, असं सांगतात. पंधरा मिनिटं पुरे. प्रार्थनेची जागा आहे, त्या बेताने वागायचं.

दुपारी बारा ते तीन. आता हा भाग मी मुद्दाम घातलाय. तिला तुझं रोजचं गाव दाखव. कापड बाजार, मंडई, तुमच्या घरापासून रिक्षा कुठे मिळते, चांगला दवाखाना कुठला, ग्रंथालय कुठे, ती नोकरी करणार असेल तर त्या जागेपर्यंतचा रस्ता. तुला कंटाळवाणं वाटेल. पण तिच्या डोक्यात सध्या नगर म्हणजे एक हॉल आणि पन्नास अनोळखी चेहरे आहेत. एकदा ओळखीचे चार कोपरे झाले की मे महिन्यात पाठवणीच्या वेळी जरा धीर असतो. जेवण तिच्या आवडीचं, आणि विचारून. मग ऊन उतरेपर्यंत मावशीकडे परत. फेब्रुवारीत दुपारी नगरमध्ये चटका बसायला लागतो.

चार वाजता चाँदबिबी महाल. भिंगारवरून पाथर्डी रस्त्याने साधारण १३ किलोमीटर. नाव चाँदबिबीचं असलं तरी ती कबर सलाबतखानाची आहे. मुर्तझा निजामशहाचा मंत्री, १५८९ मध्ये वारला. शहा डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली, आत वारा भणाणतो. वरून सगळं नगर दिसतं. तिला विचार, सांग आपलं घर कुठल्या दिशेला? दिवसभर फिरल्यावर ती बोट दाखवेल. दाखवता आलं तर तुझा प्लॅन जमला समज.

आता काळजीच्या गोष्टी. वरती जोडपी बरीच असतात आणि १४ तारखेला त्यांच्याकडे बघणारेही बरेच असतात. लोक आहेत तिथेच बसा. गाडी नजरेसमोर लावा. कुणी उगाच विचारपूस केली तर वाद नको, मावशीला फोन लावून द्या. गरज पडली तर ११२. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. बघा, पण अंधार पडायच्या आत घाट उतरा. भिंतींवर नावं कोरायची नाहीत, हे सांगायला लागू नये. आठपर्यंत मावशीच्या दारात.

आणि ती कार्ट?

तिला टाकून देऊ नकोस. तू ती स्वतःच्या हाताने बनवलीस, ही गोष्ट तिला माहितीये का? संध्याकाळी शेडमध्ये ने, ताडपत्री काढ, इंजिन चालू करून दाखव. कुठला वेल्ड तू केलास, कुठला तुटला, ते सांग. माणूस कसा आहे हे अशा वेळी कळतं.

चालवायचीच असेल तर लग्नानंतर दोघं पुण्याला एखाद्या कार्टिंग ट्रॅकवर जा. दोघांना दोन कार्ट, होऊ दे शर्यत. तिथे एक गोष्ट अजिबात विसरायची नाही : केस पूर्ण बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी नाही, स्कार्फ नाही, लोंबणारं मंगळसूत्र आत घेतलेलं. मागचा दांडा उघडा फिरत असतो, त्यात केस किंवा कापड अडकून आपल्या देशात जीव गेलेत. पायात बंद बूट. ट्रॅकवाल्याने सांगितलं नाही तरी तुम्ही सांभाळा.

जाता जाता

माझी आई बार्शीची. १९८४ ला लग्न होऊन नगरला आली. बाबांनी सेकंडहँड लूना घेतली होती. पहिल्याच रविवारी तिला चाँदबिबी महालावर न्यायला निघाले. चढावर लूना दोघांना घेऊन चढेना. बाबा पायडल मारतायत, घाम पुसतायत, शेवटी उतरले. आईही उतरली. मग एकाने हँडल धरलं, एकाने मागून ढकललं, असं करत दोघं वर पोचले.

हा भाग करायच्या आधी मी आईला विचारलं, महाल कसा वाटला होता गं पहिल्यांदा? ती म्हणाली, "महाल काय आता आठवत नाही बाई. पण तुझे बाबा अर्ध्या चढावर थांबून म्हणाले, 'दमलात का? दमला असाल तर परत जाऊ.' बार्शीतून निघाल्यापासून मला कुणी तसं विचारलं नव्हतं."

तर मित्रा, चढावर गाडी थांबली तर लाजू नकोस. उतर, आणि विचार.

तुमच्या गावातला असा पहिला दिवस कसा होता, ते आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. दोन मिनिटांपेक्षा मोठी नको, ऐकायला मी एकटाच आहे. पुढच्या शनिवारी भेटू. हळू चालवा, हेल्मेट घाला. नमस्कार.